गव्हाणीतली वैरण

रविवार, २० एप्रिल २०२५

सायलीनं दिवाळीत दिलेली ही डायरी इतके दिवस पिठाच्या डब्यावर पडून होती. आजपासून लिहिणार आहे. मनातलं कुणाला तरी सांगायला हवं, आणि सांगून पस्तावणार नाही असं माणूस सध्या जवळपास दिसत नाही.

शिवराज म्हणतो, तू फार संशयी आहेस. (समोर मी त्याला 'अहो'च म्हणते. इथं नावानं लिहीन, डायरी माझी आहे.) मी संशयी नाही. मी पंधरा वर्षं बजाजनगरात मेस चालवली आहे. वाळूजच्या कंपन्यांतली शिफ्टवाली माणसं जेवायला यायची. त्यातला कोण पैसे बुडवून खोली बदलणार, हे मला तो चपला कशा काढतो त्यावरून कळायचं. चपलांची तोंडं रस्त्याकडं असली की समजायचं. याला संशय म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात.

आता मेस बंद केली, गुडघे ऐकेनात. शिवराजनंही कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली. मग सायलीनंच पुण्याहून डोक्यात भरवलं की आई, गावाकडचा दगडी गोठा पाडू नका, त्याच्या खोल्या करा. वेरूळ बघायला येणारी माणसं हॉटेलांना कंटाळलीत, त्यांना असलंच काहीतरी हवं असतं. गोठा आहेही तसाच. खुलताबादच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत. निजामाच्या काळातलं चुन्याचं बांधकाम, काळा दगड, हातभर जाड भिंती, सागवानी खांब, वर मातीचं धाबं. आत एका भिंतीला लागून लांबलचक दगडी गव्हाण आहे. जनावरांनी पिढ्यान् पिढ्या माना घासून तिचा काठ गुळगुळीत केलाय. पाहुण्यांसाठी तीन खोल्या सहज निघतील.

अडचण एकच, आणि ती समोरच राहते. गोठा सामाईक आहे. माझे थोरले दीर रामकिसनदादा आणि जाऊबाई सरूअक्का गोठ्यापलीकडच्या घरात राहतात. आज त्यांच्यापुढं विषय काढला. वाद होणार म्हणून मी तयारीनंच गेले होते. दादा सुपारी कातरत म्हणाले, "करा की. पडून ऱ्हाण्यापरीस बरं." संपला विषय. इतक्या सहज कुणी काही देतं का?

माझ्या माहेरी, शेंद्र्याला, चुलत्यानं वडिलांकडं मागची खोली मागितली होती. मालकीनं नाही, फक्त भुसा ठेवायला. भुश्यापाठोपाठ तिथं त्याची म्हैस आली, म्हशीपाठोपाठ चूल. एक दिवस कोर्टात उभा राहून म्हणाला, माझी वहिवाट आहे. वडील गेले, केस अजून चालू आहे. तेव्हापासून मला कुणी 'करा की' म्हणालं की धडकी भरते.

सोमवार, २८ एप्रिल

गोठ्यात जनावर एकच उरलं होतं, चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका असलेला म्हातारा बैल. त्याचा जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून तो औताला चालत नाही. मी स्पष्ट सांगितलं होतं की शेणाचा वास आणि पाहुणे एका छपराखाली नांदणार नाहीत. बिडकीनकडं एक गोशाळा आहे, तिथं सोडायचं ठरलं. शिवराज स्वतः घेऊन गेला. मी म्हटलं मीही येते, तर म्हणाला, "उन्हात कुठं येतीस."

लहानपणी ह्या दोघा भावांनी गोठ्यातच अभ्यास केला म्हणे. शिवराज परत आला तो थेट आंघोळीला गेला, जेवला नाही. ऊन बाधलं असेल. जागा बदलली, दगदग झाली की माणसाची भूक जातेच. मेसला नांदेडचा एक वेल्डर होता, आठवडाभर ताटावरून तसाच उठायचा. शेवटी खोदून विचारलं तर म्हणाला, घरी चुलीजवळ भिंतीकडं तोंड करून बसायची सवय आहे. दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट गॅसच्या बाजूला, भिंतीकडं. मग काय जेवायचा! माझ्या मेसमधून कुणी उपाशी उठलेलं मला चालायचं नाही.

गुरुवार, १५ मे

काम सुरू झालं. कॉन्ट्रॅक्टर संघपाल शहरातला आहे, डिप्लोमा केलेला, जुन्या बांधकामांची कामं घेतो. बोलायला नम्र. मी सिमेंटच्या गोण्यांवर खडूनं खुणा करून ठेवल्यात, हे त्याला माहीत नाही.

आज सकाळी बजाजनगरहून बसनं पोचले आणि गोठ्यात पाऊल टाकताच थबकले. गव्हाणीत हिरवा घास पडलेला! मूठभर, ताजा, अर्धवट चघळलेला. पंधरा दिवसांपूर्वी झाडून-पुसून कोरडी केलेली गव्हाण.

"हे कुणी टाकलं?" मी संघपालला विचारलं.

"वाऱ्यानं आलं असंल, ताई," तो म्हणाला आणि मोजपट्टी घेऊन दुसरीकडं गेला.

वाऱ्यानं घास येतो म्हणे. मला शेंद्र्याचा भुसा आठवला. दादांकडं एक गाय आहे. आज घास, उद्या गाय, परवा म्हणतील आमची इथं पहिल्यापासून वहिवाट आहे.

शिवराजला सांगितलं. तो म्हणाला, "इथं सामान पडून आहे, राखणीला कुणीतरी पाहिजे. मीच झोपत जातो गोठ्यात." मला भरून आलं. पंधरा वर्षांत ह्या माणसानं मेसच्या कुलपाची किल्लीसुद्धा जागेवर ठेवली नव्हती. आता कसा कंबर कसून माझ्या बाजूनं उभा राहिलाय!

शनिवार, २४ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, पुढं उपयोगी पडेल.

काल संध्याकाळी गव्हाणीसमोरचा कोबा घातला. आज येऊन बघते तर ओल्या कोब्यात खुराचे ठसे. दारापासून गव्हाणीपर्यंत गेलेले आणि तिथून परत फिरलेले. मी शिवराजला म्हटलं, तुम्ही झोपला होतात ना इथं? तर म्हणतो गाढ झोप लागली होती. दिवसभर राबतो, लागणारच.

मी तडक दादांच्या अंगणात गेले. शिवराज मागून "अगं थांब, थांब" करत आला. दादा गायीची धार काढत होते.

"दादा, तुमची गाय आमच्या कोब्यावरून गेलीय."

दादांनी मान वर केली. माझ्याकडं नाही, शिवराजकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. दावं सुटलं व्हतं. ध्यानात नाय आलं माझ्या."

सरूअक्का चुलीपुढून उठून दारात आल्या आणि काही बोलणार तेवढ्यात दादांनी हात वर केला. अक्का आत गेल्या आणि आत भांडी वाजली.

कबूल केलं! माझ्या तोंडावर कबूल केलं! खरं सांगायचं तर मला थोडी निराशाच झाली, भांडायची केवढी तयारी करून गेले होते. पण एक गोष्ट टिपून ठेवते. बोलताना दादांची नजर माझ्याकडं नव्हती. मनात पाप असलेला माणूस नजरेला नजर देत नाही.

परत आल्यावर संघपाल ठशांशेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, "गाय लई मोठी दिसती हो दादांची." मी म्हटलं, तुम्ही कोब्याचं बघा. तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

सोमवार, ९ जून

शिवराज गावात वापरतो त्या स्कूटरच्या डिकीत सरकीच्या पेंडीचा चुरा आणि गुळाचा खडा. म्हणजे दादा आमची स्कूटरही वापरतात तर. शिवराजला म्हटलं, किल्ली कुणाला देत जाऊ नका. तो म्हणाला, बरं. भोळा आहे. सख्खा भाऊ डोळ्यांदेखत लुबाडतोय आणि ह्याला नाही म्हणता येत नाही.

मंगळवार, १७ जून

गेल्या मंगळवारी गोठ्याला नवं कुलूप लावलं. किल्ल्या दोनच, एक माझ्या मंगळसूत्राला, एक शिवराजकडं. दुसऱ्या दिवशी गव्हाणीत वैरण. तिसऱ्या दिवशी पुन्हा वैरण. कुलूप जसंच्या तसं.

याचा अर्थ सरळ आहे. दादांनी तिसरी किल्ली करून घेतलीय.

मग कॅमेरा आणला. शिवराजनंच शिडी लावून बसवला, मला चढू दिलं नाही. पण इथली वीज अशी मेली की नेमकी पहाटे जाते आणि उजाडल्यावर येते. कॅमेऱ्यात मध्यरात्रीपर्यंत गोठा दिसतो, मग अंधार, मग एकदम संघपालचे मजूर. गावातल्या एका बाईला विचारलं तर म्हणाली, आमच्याकडं तर पहाटे लाईट असती. आमच्याच तारेवर काहीतरी करणी आहे. दादांना वायरिंगचंही कळतं वाटतं!

शुक्रवार, ४ जुलै

मी ठरवलं की गव्हाणच काढून टाकायची. आधी ती तशीच ठेवून वर गाद्या टाकून बैठक करायचा विचार होता. सायलीला तर ती फार आवडली होती, फोनवर फोटो बघून नाचली. पण गव्हाण आहे तोवर वैरण येणार, आणि वैरण येतेय तोवर मला शांत झोप लागणार नाही. तिसऱ्या खोलीचं बाथरूम तिथं छान बसेल.

जेवताना शिवराजला सांगितलं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"गव्हाण नको काढू, मंजुषा."

"का?"

"आबांनी बसवलेली आहे." आबा म्हणजे माझे सासरे.

"आबांनी नाही, आबांच्या आजोबांनी. तुम्हीच सांगितलं होतं."

"मग तर मुळीच नको."

पानावरून उठून गेला. हल्ली त्याचं खाणं कमीच झालंय, वरून अंगाला कसला तरी ओला वास येतो. विचारलं तर म्हणतो, चुन्याचा. मी चाळीस वर्षं चुना बघतेय, चुन्याला असा वास नसतो. शिवाय परवा नाल्यापलीकडून माऊलीच्या शेताकडून येताना दिसला, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. माऊली ह्याचा लहानपणचा मित्र, पण तो तर आता शहरात राहतो, शेत पडीक आहे. पडीक शेतात ह्याचं काय काम? एवढ्यात काही लिहीत नाही. लक्ष ठेवते.

शुक्रवार, ११ जुलै

संघपालला गव्हाण काढायला सांगून आठवडा झाला. आधी म्हणाला दगड कापायचं ब्लेड नाही. मग ब्लेड आलं तर माणूस नाही. आज माणूस आला तर म्हणतो भिंतीला धोका आहे, विचार करावा लागेल. मी म्हटलं, कुणी सांगितलंय का तुम्हाला काढू नका म्हणून?

तो म्हणाला, "ताई, तुमी एक दिवस पहाटेच या ना इथं."

"पहाटे बस नसते," मी म्हटलं. "आणि राखणीला माझा नवरा आहे की."

"ते बी खरंच," म्हणाला आणि गवंड्याला हाका मारायला लागला. हाही दादांना सामील झालेला दिसतो. सगळं गावच सामील आहे.

शुक्रवार, १८ जुलै

आज मी सोक्षमोक्ष लावला.

शहरातून फोटोवाला आला होता, वेबसाइटसाठी. दोन खोल्या अप्रतिम झाल्यात, खरंच. चुन्याच्या भिंती, खांबांना तेलपाणी, खिडकीत हिमरू कापडाच्या उशा. तिसऱ्या खोलीचं दार मी मोठ्या ऐटीत उघडलं आणि आत, माझ्या नव्या कोऱ्या कोब्यावर, शेणाचा पो. ताजा. वाफ निघत होती म्हटलं तरी चालेल. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. मजूर तोंड फिरवून उभे राहिले.

मी अंगणात जाऊन दादांना हाक मारली, सगळ्यांसमोर. दादा आले, मागोमाग अक्का.

"दादा, गोठा पाहिजे असेल तर तोंडानं मागा," मी म्हटलं. "असा शेणानं नका मागू."

दादांच्या गळ्यातली नस उडताना मला दिसली. शिवराज खांबाला धरून उभा होता.

"मला गोठा नको, मंजुषा," दादा म्हणाले.

"मग आजपासून ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही."

"नाय टाकत."

एवढंच. दादांनी बाहेरूनच हात आत घातला आणि दाराजवळच्या खुंटीवरची जुनी घुंगरमाळ काढून घेतली. मी ती शोभेसाठी ठेवली होती, पण तेव्हा नको म्हणायचं धैर्य झालं नाही. अक्का मात्र शिवराजवर फिरल्या.

"भावजी, तुमाला वाचा हाय का नाय? का समदं ह्यांनीच गिळायचं जल्मभर?"

"सरू, चल घरी," दादा म्हणाले.

अक्का शिवराजवर का चिडल्या, ते मला अजून कळलेलं नाही. शेण टाकणार ह्यांचा नवरा आणि बोलणी माझ्या नवऱ्याला! संध्याकाळी बसमध्ये मला खूप जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण सारखी ती गळ्यातली नस आठवत होती.

उद्या शहरात जाऊन वकिलालाही गाठणार आहे. एकदा नोटीस गेली की विषय कायमचा मिटेल.

रविवार, ३ ऑगस्ट

वकिलानं नोटीस तयार केलीय, फक्त पाठवायची आहे. सायली फोनवर म्हणाली, "आई, नोटीस पाठवलीस की काका आपले राहणार नाहीत, एवढं लक्षात घे." मी म्हटलं, आत्ता तरी कुठं आहेत? पण फोन ठेवल्यावर सायलीच्या बारशाला दादांनी पाळण्याला स्वतः दोरी वळली होती, ते आठवत बसले. पोळा होईपर्यंत थांबायचं ठरवलं. सणासुदीला नको.

पोळ्यालाच पहिले पाहुणे येणार आहेत. पुण्याचं कुटुंब, दोन खोल्या घेतल्यात. त्यांना पोळा बघायचा आहे म्हणे. गोठ्यात बैल नाही आणि पोळा दाखवायचा, पण गावात होतील चार बैल.

दादांनी शब्द पाळलाय. उंबऱ्याच्या आत सोडा, गोठ्याच्या बाजूच्या वाटेनंही येत नाहीत, वळसा घालून जातात. मजुरांकडून पक्की खात्री करून घेतली.

आणि आज गव्हाणीत ताजी वैरण होती.

दादा नाहीत. गाय आजारी, तीही जागची हलली नाही, असं मजूर सांगतात. मग कोण? मी गव्हाणीच्या काठावर बसून विचार केला. काठावर ओलसर, चिकट लाळ होती. हात पदराला पुसला. कुलूप शाबूत, किल्ल्या दोन. एक माझ्या गळ्यात.

पुढचा विचार मी केला नाही. काही विचार बाईनं लगेच करू नयेत.

गुरुवार, २१ ऑगस्ट

रात्रीच लिहून काढते, उद्यावर ठेवत नाही.

पाहुणे उद्या दुपारी यायचे आहेत. मी उद्या सकाळी पोचणार असं शिवराजला सांगितलं होतं. पण पुरणाची डाळ, गूळ, पितळी भांडी, एवढं ओझं सकाळच्या बसच्या गर्दीत कुठं न्यायचं? म्हणून आजच निघाले. पोचेपर्यंत दिवस कलला होता. गावात पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी चालली होती, दारोदारी बैलांच्या खांद्यांना चोळायच्या हळद-तुपाचा वास. लहानपणी शेंद्र्याला आमच्याही दारात असायचा.

गोठ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी पिशव्या घेऊन आत गेले.

तिसऱ्या खोलीत चांद्या उभा होता. तोच, कपाळावर ठिपका. हाडं वर आलेली, मान गव्हाणीत, डोळे मिटून सावकाश खात होता. शिवराज माझ्याकडं पाठ करून त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळत होता. दोन्ही हातांनी, जिथं जू बसायचं तिथं. आणि हळू आवाजात म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

माझ्या हातातली पितळी परात पडली.

शिवराज वळला. पळून जाईल असं वाटलं, पण नाही. बैलाच्या खांद्यावरचा हात त्यानं काढला नाही.

"गोशाळेत नाही नेला?"

"रस्त्यातनंच मागं फिरलो. माऊलीच्या शेतात पत्रे मारले, तिथं बांधला." त्याचा आवाज फुटत होता. "तिथं खाईना, मंजुषा. चार-पाच दिवस तोंड लावलं नाही. पेंड दिली, गूळ दिला, हातानं भरवलं. मरंल असं वाटलं. मग एका पहाटे इथं आणला, तर ह्या गव्हाणीत तोंड घातलं आणि खायला लागला. तेव्हापासून पहाटे आणायचा, तू गेल्यावर संध्याकाळी आणायचा. दुसरीकडं खातच नाही."

मला भिंतीकडं तोंड करून बसलेला तो नांदेडचा वेल्डर दिसला.

खरं तर मला ओरडायचं होतं. चार महिने! सख्ख्या नवऱ्यानं चार महिने मला खोटं सांगितलं, कॅमेऱ्याची वायर स्वतः काढली, डोळ्यात धूळ फेकली. पण पंधरा वर्षं ज्या बाईनं कुणाला उपाशी उठू दिलं नाही, तिनं काय ओरडायचं? मला साधं सांगितलं असतंत तर, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते मला चांगलं माहीत आहे.

"आणि दादा?" मी विचारलं. "दादांनी कबूल का केलं?"

शिवराज खाली बसला, त्याच कोब्यावर, खुराच्या ठशाशेजारी.

"मी सांगणार होतो तुला. दादाच नको म्हणाला. म्हणाला, मी तिच्या नजरेतनं उतरलो तर काय बिघडत नाय. तुला तिच्यासंगं संसार करायचाय."

चांद्यानं गव्हाणीतून मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. 'असा शेणानं नका मागू.' सगळ्या मजुरांसमोर, परक्या फोटोवाल्यासमोर मी हे बोलले होते. लाज वाटली म्हणणं कमी आहे. अंगावरचं कातडं काढून ठेवावंसं वाटलं.

तशीच दादांच्या अंगणात गेले. दादा बाजेवर बसले होते, मांडीवर ती घुंगरमाळ, एकेक घुंगरू चिंधीनं पुसत होते. चांद्याची माळ. ती मला शोभेला हवी होती! अक्का दारात पीठ चाळत होत्या. मला बघून चाळणी थांबली.

मी भांडायला कायम तयारीनं जाते. माफी मागायची तयारी मी आयुष्यात कधी केलेली नाही, आज कळलं. दादा म्हटलं आणि पुढं शब्दच येईना. चुकलं म्हणावं तर तेवढ्यानं काय भरून निघणार? डोळ्यांना धारा. आणि कानात शिवराजचं ते बोलणं फिरत होतं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"दादा, आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."

अक्कांनी चाळणी खाली ठेवली.

"आता गं बया! बैल समजलीस का काय आमाला?" त्या म्हणाल्या.

दादा हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, "आवतन दिलं म्हनल्यावर यावंच लागतंय, सरू. बैल असो का मानूस." मग माझ्याकडं बघितलं, नीट, सरळ नजरेनं. "कळलं का तुला?"

"कळलं."

"खाल्लं का त्यानं आज?"

"खातोय," मी म्हटलं. अक्कांनी मला हाताला धरून बाजेवर बसवलं आणि पाणी दिलं.

वकिलाला फोन केला. नोटीस फाडून टाका म्हटलं. तो म्हणाला, निदान विचार तरी करा, ताई. मी म्हटलं, विचारच करून बसले होते इतके दिवस.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. पोळा

थोडक्यात लिहिते, पाठ मोडलीय.

वेबसाइटवरून तिसरी खोली काढायला सायलीला सांगितलं. तिला सगळं सांगितलं तर रडली आणि मग म्हणाली, आई, आता तर जास्त लोक येतील. कुठंही व्यवहार सुचतो ह्या पोरीला! पण असेल खरं. संघपाल पाहुण्यांच्या आधीच येऊन बसला होता. गव्हाणीवरून हात फिरवत मला म्हणाला, "ब्लेड गाडीतच हाय, ताई. काढायची का?" मी त्याला पुरणपोळी वाढली आणि गप्प बसवलं. खुणा केलेल्या सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब चोख निघाला, हेही लिहून ठेवते.

दुपारी दादा माऊलीच्या शेतातून चांद्याला घेऊन आले. शिंगं रंगवलेली, गळ्यात ती पुसलेली माळ, मागं अक्का. पाहुण्यांनी मोबाइल वर धरले. मी दारात तांब्या आणि ताट घेऊन उभी राहिले. चांद्याच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, पोळीचा घास दिला. तो कुणाची वाट न बघता आत गेला, थेट त्याच्या गव्हाणीकडं.

दादा बाहेरच थांबले. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, दोरी हातात धरून. त्या दिवशी दिलेला शब्द ते विसरले नव्हते. शिवराज पुढं व्हायला लागला, मी त्याला थांबवलं. हे काम त्याचं नव्हतं.

तांब्यात पाणी उरलं होतं. मी खाली वाकले आणि दादांच्या पायांवर ते घातलं, चिखल लागला होता तो हातानं पुसला. पाहुण्यांपैकी एका बाईनं विचारलं, हाही पोळ्याचा रिवाज आहे का? अक्का म्हणाल्या, "आमच्यात हाय."

दादा आत आले. खुराच्या ठशांवरून चालत गव्हाणीपाशी गेले आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. शिवराज दुसऱ्या बाजूला. ठसे संघपाल बुजवणार होता, मी नको म्हटलं.

संध्याकाळी सगळे जेवून गेल्यावर आवरायला गेले, तर गव्हाणीत वैरणीखाली माझ्या पुरणपोळ्यांची अख्खी चळत दडवलेली सापडली. पोळ्यांचा डबा मी कुलपात ठेवला होता. कुलूप शाबूत होतं, किल्ल्या त्याच दोन.

मी वैरण तशीच वर सारली आणि कुणाला काही विचारलं नाही.